चित्रकारासाठी बाग दुपारीही उघडी असावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चित्रप्रदर्शनांच्या बातम्यांत ‘निसर्गापासून प्रेरणा घेऊन साकारलेली चित्रे’ हे शब्द आपण सारेच नेहमी वाचतो आणि प्रदर्शनाला आलेले रसिकही चित्रासमोर उभे राहून पहिला प्रश्न हाच विचारतात की, हे तुम्हाला सुचले कुठून. मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे आणि आजही रोज रंगपेटी उघडते. या प्रश्नाचे माझ्यापुरते खरे उत्तर मला फार उशिरा सापडले. ते सापडल्यावर लक्षात आले की, त्याचा संबंध आपल्या ठाणे शहरातील बागांच्या वेळापत्रकाशी आणि त्यांची निगा राखण्याच्या पद्धतीशी थेट येतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

पाचपाखाडीत, कचराळी तलावापासून चालत दहा मिनिटांवर, आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. तिच्या मागच्या कुंपणावर, पाण्याच्या टाकीला लागून, मधुमालतीचा वेल पसरलेला आहे. मी त्याची चित्रे अनेक वर्षे काढत होते. सकाळचा चहा झाला की खाली जायचे, अर्धा-पाऊण तास बसायचे, घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले दिसतात म्हणून त्या तीन रंगांचे हात मारायचे आणि ऊन चढायच्या आत वर यायचे, असा क्रम होता. चित्रे नीटनेटकी होत, लोकांना आवडत, काही विकलीही गेली. आज ती पुढ्यात घेऊन बसले की जाणवते, त्यांत तो वेल कुठेच नाही. ‘फुलांचा घोस’ अशी जी एक कल्पना मी घरूनच मनात घेऊन खाली उतरत असे, तिचीच ती चित्रे आहेत.

एका मे महिन्यात संध्याकाळी वीज गेली, घरात बसवेना, म्हणून मी प्रथमच दिवेलागणीच्या सुमारास त्या वेलाजवळ जाऊन बसले. मधुमालतीचे फूल बोटभर लांब नळीच्या टोकाशी असते. उजेड कमी होऊ लागला तशा त्या दिवशीच्या कळ्या उलगडू लागल्या आणि उमललेले प्रत्येक फूल पांढरे होते. ते घोसाच्या बाहेर जवळजवळ आडवे रोखलेले होते आणि त्याला सकाळी मला कधी न जाणवलेला दाट वास होता. अंधार पडता पडता लांब सोंडेचे पतंग आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तीच फुले शोधली, तेव्हा ती गुलाबी झाली होती आणि थोडी कलली होती. तिसऱ्या दिवशी ती गडद लाल होऊन खाली लोंबत होती आणि त्यांच्या शेजारी नवी पांढरी फुले उमलली होती. वनस्पतींच्या अभ्यासकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. मला मात्र ती ठाऊक नव्हती. मी ज्यांना एका घोसातले तीन रंग समजत होते, ते तीन दिवस होते.

त्यानंतरचे काम जरा तपशिलाने सांगते, कारण ‘सुचणे’ म्हणून ज्याला म्हणतात ते या कामातच घडले. एका घोसाच्या देठाला मी खुणेचा दोरा बांधला आणि अकरा दिवस सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात या वेळांना त्याच्यासमोर बसले. वहीत टू-बी पेन्सिलीने पोस्टकार्डाएवढी छोटी रेखाटने करायची आणि खाली तारीख, वेळ आणि उजेड कोणत्या बाजूने येतो आहे ते लिहायचे. पहिल्या चार दिवसांची रेखाटने जुन्या सवयीची आहेत. त्यांत प्रत्येक फूल पाहणाऱ्याकडे तोंड करून आहे, जणू फोटोसाठी उभे केले आहे. पाचव्या दिवशी मी पाकळ्या काढणे सोडून दिले आणि फक्त नळ्यांचा कल काढू लागले : एक आडवी, एक कललेली, एक लोंबती. चित्र त्या तीन रेषांत होते. रंगांचेही तसेच झाले. संध्याकाळच्या उजेडातले पांढरे फूल म्हणून कागद नुसता कोरा सोडला, तर ते कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते. त्याला कोबाल्ट निळ्याचा, त्यात गुलाबीचा कण मिसळून, इतका पातळ हात द्यावा लागतो की ओला असताना तो दिसतो आणि वाळल्यावर दिला होता की नाही अशी शंका येते. पण तो नसेल तर ते फूल राहत नाही. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले असेन. तो किती फिका पडतो, हे मात्र मी त्या फुलासमोर बसून शिकले. शेवटी जे चित्र झाले ते उंच, अरुंद कागदावर आहे. त्यात कुंपण नाही, पाने नावापुरती आहेत, आणि ते माझ्या हातून झालेल्या मोजक्या चांगल्या चित्रांपैकी एक आहे, असे मी आज मोकळेपणाने म्हणते.

या कामात हवेचाही वाटा असतो, आणि तो घरात बसून कळत नाही. एप्रिलमध्ये ठाण्याच्या उन्हात कुंचला उचलायच्या आत रंग वाळतो आणि कडा कोरल्यासारख्या उमटतात. जुलैत येऊरच्या बाजूने सरीवर सर येत असते, तेव्हा कागद तास-तास दमट राहतो आणि हिरवा रंग शेजारच्या निळ्यात आपसूक उतरत जातो. मी आधी या दमटपणाशी झगडत असे, केस वाळवायचे यंत्र लावून कागद सुकवत असे. एकदा जास्वंदीच्या आळ्यापाशी छत्रीखाली बसले असताना दिसले की, पावसात पानांच्या कडा खरोखरच तशा विरघळलेल्या दिसतात. ते यंत्र तेव्हापासून कपाटात आहे.

यावरून मी जे शिकले ते इतकेच की, बागेतून प्रेरणा मिळते म्हणजे बाग पाहून मन प्रसन्न होते आणि मग चित्र निघते, असे घडत नाही. मन प्रसन्न होणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते बाकावर बसलेल्या प्रत्येकाचे होते. चित्रकाराचे काम सुरू होते ते त्याच झाडाकडे वेगवेगळ्या वेळी परत परत गेल्यावर, जेव्हा ते झाड त्याच्या मनातल्या ठरीव कल्पनेला नकार देऊ लागते. त्यासाठी त्याला झाडापाशी पोहोचता आले पाहिजे, तिथे बसू दिले पाहिजे आणि ते झाड त्याच्या नैसर्गिक क्रमाने वाढू, फुलू, झडू दिलेले असले पाहिजे.

फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, पण त्यातला कष्टाचा भाग सहसा सांगितला जात नाही. ते १८८३ मध्ये जिव्हेर्नी या गावी भाड्याच्या घरात राहायला गेले, १८९० मध्ये त्यांनी ते घर विकत घेतले आणि १८९३ मध्ये रेल्वेरुळांच्या पलीकडची जमीन घेऊन तिथे तळे करायचे ठरवले. तळ्यासाठी जवळच्या ओहोळाचे पाणी वळवायचे होते, तेव्हा परदेशी वनस्पतींमुळे पाणी बिघडेल अशी भीती वाटून गावकऱ्यांनी हरकत घेतली. परवानगी मिळवून त्यांनी तळे केले, त्यात कमळे लावली, आणि ते पाणी आणि ती पाने स्वच्छ ठेवण्यासाठी माळी नेमला. कमळांची त्यांनी काढलेली चित्रे सुमारे अडीचशे आहेत. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून त्या वेळचा दुसरा कॅनव्हास पुढे घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, रंग वेगळे दिसू लागले, १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी ते त्याच तळ्यापाशी काम करत राहिले. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ती भव्य कमळचित्रे पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली. एका तळ्याकडे तीस वर्षे पाहत राहिलेल्या माणसाची ती चित्रे आहेत.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि त्या तलावाची वेगवेगळ्या प्रहरांची चित्रे काढत राहिले. त्याही मागे जायचे तर १६२० मध्ये काश्मीरला गेलेल्या जहांगीर बादशहाने, आपल्या दरबारातील चित्रकार मन्सूर याने तिथल्या शंभरांहून अधिक फुलांची चित्रे काढल्याचे नोंदवून ठेवले आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून लोकांसाठी खुली आहे आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी तिथल्या झाडांखाली बसून वह्या भरल्या आहेत.

मोने यांच्याजवळ स्वतःची जमीन होती. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या चित्रकाराजवळ, चित्रकला शिकणाऱ्या मुलांजवळ ती असत नाही. बाल्कनीतल्या चार कुंड्या आणि महापालिकेची बाग एवढीच त्यांची दौलत असते. म्हणूनच सार्वजनिक उद्यान कधी उघडते, कधी बंद होते आणि तिथे काय करू दिले जाते, हा आमच्यासाठी कामाचा प्रश्न आहे.

आमच्या भागातील एका उद्यानात तामणाचे एक सुरेख झाड आहे. तामण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प. एप्रिलअखेर ते फुलू लागते. त्याच्या सहा पाकळ्यांना चुणीदार, चुरगळून मोकळ्या केलेल्या तलम कापडासारखा पोत असतो, फूल जांभळट गुलाबी उमलते आणि जुने होता होता फिकट होत जाते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या चुण्यांच्या फक्त कडा उजळतात आणि सारा तुरा एकसंध जांभळा दिसतो. ऊन डोक्यावर आले की उजेड पाकळीतून आरपार येतो आणि प्रत्येक चुणीत दोन-दोन रंग दिसू लागतात. मला ते चित्र हवे होते. सलग तीन दिवस मी नऊ वाजता जाऊन बसले आणि तिन्ही दिवस दहाच्या ठोक्याला सुरक्षारक्षक येऊन म्हणाला, “बाई, दहा वाजले, गेट बंद करायचंय.” उद्यान सकाळी दहाला बंद होते ते दुपारी चारला उघडते. चौथ्या दिवशी मी घडीचा स्टँड नेला, तर चौकीवरच सांगण्यात आले की, स्टँड लावायला कार्यालयाची लेखी परवानगी लागते. कार्यालयात गेले, तर असा अर्जाचा नमुनाच नाही असे उत्तर मिळाले. मी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. त्याचे पुढे काही झाले नाही, आणि तोवर तामणाचा बहर सरला.

त्या सुरक्षारक्षकाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी गेट लावताना त्यानेच माझी वही मागून पाहिली आणि म्हणाला, “दुपारी मी इथंच असतो, तेव्हा हे झाड लई भारी दिसतं.” त्याला नेमके तेच दिसत होते जे मला पाहायचे होते.

दुपारी बाग बंद ठेवण्यामागे कारणे असतील हे मी जाणते. झाडांना पाणी घालणे, सफाई, मनुष्यबळाची टंचाई, रिकाम्या वेळी होणारे गैरप्रकार, ही सारी कारणे खरी आहेत. पण त्यावर सरसकट गेट बंद करणे हा एकच मार्ग आहे असे मला वाटत नाही. चित्रकार आणि कला महाविद्यालयांचे विद्यार्थी यांना ओळखपत्र पाहून, नाव-वेळ नोंदवून दुपारी आत सोडता येईल. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस चालेल, पण ते दिवस ठरलेले असावेत. मांडीवरची वही आणि तीन पायांचा हलका स्टँड यांसाठी अर्ज-परवानगीची अट नसावी, कारण त्याने ना कोणाची वाट अडते, ना हिरवळीला इजा होते.

दुसरा मुद्दा छाटणीचा आहे, आणि माझ्या मते तो वेळेइतकाच महत्त्वाचा आहे. अलीकडे बागांमधली झुडपे सतत एका पातळीत कापली जातात. जास्वंद, अबोली, तगर यांना कळी धरू लागली की कात्री येते, आणि वर्षभर त्यांची केवळ हिरवी भिंत राहते. पारिजातकाच्या फुलांचा सडा उजाडायच्या आत झाडून कचरापेटीत जातो, वाळलेले पान फांदीवर दिसू दिले जात नाही. ज्या बागेत काहीही सुकत नाही, झडत नाही, कोणी काही खात नाही, तिथे चित्रकाराने पाहायचे काय? आमच्या सोसायटीत कढीपत्त्याच्या झाडावर अळ्या दिसल्या म्हणून औषध फवारायचे ठरत होते. मी सर्वांना खाली नेऊन दाखवले की, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी आणि तिच्याच शेजारची हिरवीगार मोठी अळी ही एकाच फुलपाखराची दोन वये आहेत. फवारणी टळली. त्या कुरतडलेल्या पानांचे चित्र मी काढले, आणि पानाच्या शिरा कशा धावतात हे मला धड पानापेक्षा त्या खाल्लेल्या पानाने अधिक नीट दाखवले.

इथे शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी मी वर्षानुवर्षे करून घेतली. आमच्या वेळी समोर खरी फांदी ठेवून पानफुलांचा अभ्यास करण्यावर भर असे. आता घरी शिकायला येणारी मुले मोबाईलवर फुलाचा फोटो शोधून त्यावरून काढतात. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने जास्वंद काढून आणली. पाच पाकळ्या, पाचही सारख्या, मधोमध एक दांडी. मी तिला सोसायटीतल्या झाडापाशी नेऊन नुसते बसवले. वीस मिनिटांनी तिनेच विचारले, “बाई, प्रत्येक पाकळी शेजारचीवर चढलीय, आणि सगळ्या एकाच बाजूने?” होय, जास्वंदीच्या पाकळ्या तशाच एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात, कळीत त्या पिळासारख्या गुंडाळलेल्या असतात म्हणून. मग तिने मधल्या दांडीच्या टोकाचे पाच बारीक लाल ठिपके मोजले, त्याखालचा पिवळ्या परागांचा झुबका वेगळा काढला. त्या दिवसानंतर तिने काढलेले एकही फूल दुसऱ्यासारखे नाही. फोटोवरून काढू नये असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात, आजारपणात मीही फोटो वापरते. पण फोटो काढणाऱ्याने एक क्षण आधीच निवडलेला असतो, आणि निवडणे हेच तर मुलांनी शिकायचे असते.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई येथील उद्यान विभागांना माझी विनंती आहे की, प्रत्येक मोठ्या बागेत निदान एक कोपरा, अगदी चार-पाच गुंठ्यांचाही चालेल, असा ठेवावा जिथे झुडपांना फुलू दिले जाईल, पडलेली फुले-पाने दिवसभर तरी राहू दिली जातील आणि औषधे फवारली जाणार नाहीत. तिथे तामण, बहावा, सीतेचा अशोक, बकुळ, पारिजातक, अनंत, गोकर्ण अशी आपल्या मातीत रुळलेली झाडे-वेली असावीत आणि त्यांच्यापाशी मराठी नावांच्या पाट्या असाव्यात. नवी झाडे लावतानाही केवळ बाराही महिने हिरवी दिसणारी निवडू नयेत. हिवाळ्यात तामणाची पाने तांबूस होऊन गळतात आणि फांद्यांवर वाळलेली बोंडे तेवढी उरतात, त्या महिन्यांत मी सर्वांत जास्त रेखाटने करते, कारण झाडाचा सांगाडा तेव्हाच दिसतो.

या कामात पैशाचा खर्च फारसा नाही. वेळ काढून देखरेख करायची असेल तर आम्ही निवृत्त कलाशिक्षक आनंदाने तयार आहोत. दुपारी येणाऱ्या मुलांची नोंद ठेवणे, त्यांच्याकडून रंगाचे पाणी मुळांत न ओतता मोरीत टाकून घेणे, जाताना जागा साफ करून घेणे, एवढे आम्ही नक्की करू शकतो. माझ्या माहितीतले पाच जण पाचपाखाडी, नौपाडा आणि कळव्यात राहतात आणि त्यांनी तशी तयारी दाखवली आहे.

तामणाचे माझे चित्र अर्धे राहिले आहे. खोड, फांद्या आणि डाव्या बाजूचा तुरा झाला आहे. उजवीकडचे तीन तुरे दुपारच्या उजेडासाठी कोरे ठेवले आहेत. त्या झाडाला येत्या एप्रिलमध्ये पुन्हा कळ्या धरतील. तोपर्यंत उद्यानाच्या दुपारच्या वेळेबाबत काही निर्णय व्हावा, यासाठी आपण हे पत्र आपल्या वृत्तपत्रात छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)